भंगारात जाण्याआधी

गुहागर तालुक्यातल्या आमच्या सासरच्या घराची कौलं काढून पत्रे घालायचं ठरलं. त्यासाठी पडवी आणि माळा रिकामा करावा लागला. शेती बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. वाशांमध्ये खोचलेली, गोणपाटात गुंडाळलेली, भाताच्या कणगीमागे पडलेली अशी अवजारं एकेक करत खळ्यात आली. कोयत्या, विळे, खुरपी, दांडा नसलेली कुऱ्हाड, तासणी, कुदळी, एक पारय. सगळ्यांवर गंज. मोठ्या दिरांनी भंगारवाल्याला निरोप धाडलेलाच होता.

"भावोजी, ही मला द्या," मी म्हटलं.

"घेऊन जा. पण पुण्यात काय तोडणार आहेस याने?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी शाळेत विज्ञान शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. हाताशी वेळ होता, आणि सासूबाईंच्या हातातला विळा किलोवर जाणार हे बघवलं नाही, इतकंच.

पहिली अडचण ओळखीची होती. मला सगळ्या कोयत्या सारख्याच दिसत होत्या. कुठली कशाची, हे दिरांनाही नीट सांगता येईना. ते तरुणपणीच मुंबईला गेले होते. मग वाडीतल्या एका म्हाताऱ्या काकांना बोलावलं. त्यांनी जन्मभर आमच्या आणि स्वतःच्या शेतात राबलेलं. त्यांनी नुसतं बघून काही सांगितलं नाही. प्रत्येक कोयती हातात घेतली, तोलली, हवेत एकदा फिरवली आणि मग बाजूला ठेवली. थोड्या वेळात खळ्यात तीन ढीग झाले.

पहिल्या ढिगात हलक्या, आखूड चोचीच्या कोयत्या. या कवळ तोडायच्या. ऐन, किंजळ अशा झाडांवर चढून एका हाताने फांदी धरायची आणि दुसऱ्या हाताने डहाळ्या उतरवायच्या. मग ही कवळ वाळवून दाढीच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जागेवर पसरायची आणि पावसाआधी भाजावळ करायची. माणूस झाडावर असतो, हात भरून येतो, म्हणून कोयती जड चालत नाही. मुठीचं मागचं टोक जरा फुगीर असतं. घामाने हात निसटला तरी कोयती खाली पडू नये म्हणून.

दुसऱ्या ढिगात जाड पाठीच्या, जड कोयत्या. या जळाऊ लाकडाच्या. वजन टोकाकडे असतं, म्हणजे घाव आपोआप बसतो. तिसऱ्या ढिगात जवळजवळ सरळ पात्याच्या दोन होत्या. त्या कुंपणाच्या कामाला, बांबू फाडायला. बांबूच्या टोकावर पातं ठेवून मागून ठोकायचं. त्यामुळे पात्याच्या पाठीवर ठोकल्याचे वण होते. ते वण मी गंजाचे खड्डे समजत होते.

काकांनी मग विचारलं, "आकडी खंय आहे?" कोयती कमरेला मागे अडकवायची ती आकडी. तिच्यामुळे झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे राहतात. आम्हाला ती सापडली नव्हती. शोधाशोध केली तेव्हा पुतण्याने चुलीसाठी काढलेल्या लाकडांत एक गुळगुळीत तुकडा निघाला. मध्ये खाच होती, कडेला दोरीची भोकं होती. आणखी एक सकाळ गेली असती तर तिचा चहा झाला असता. तेव्हापासून मी सांगते, अवजारं काढाल तेव्हा त्यांच्याबरोबरची लाकडं, दोऱ्या, चामड्याचे तुकडे टाकू नका. त्यांचा उपयोग कळेपर्यंत ठेवा.

विळ्यांचं काम माझ्या मोठ्या जावेने केलं. खुरपी आणि विळे बायकांच्या हातातले, त्यामुळे पुरुषांना त्यांची फारशी माहिती नव्हती. दातेरी विळ्याचे दाते पात्याच्या एकाच अंगाला पाडलेले असतात. उजव्या हाताने कापणारीसाठी एका बाजूला. आमच्याकडच्या एका विळ्याचे दाते उलट्या बाजूला होते. लोहाराची चूक असेल असं मला वाटलं. जाऊबाई हसल्या. म्हणाल्या, "अगो, ता धाकट्या काकीचा. ती डावखुरी होती. लोहारान तिच्यासाठी मुद्दाम केल्यान." ही काकी मी फक्त फोटोत पाहिली आहे. तो विळा कोणी सांगितलं नसतं तर मी बिघडलेला म्हणून बाजूला टाकला असता.

त्या दिवशीच मी वही केली. प्रत्येक अवजाराला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली. त्यावर क्रमांक. वहीत त्या क्रमांकापुढे काय काम, कोणाचं, कोणी सांगितलं, लांबी, वजन, मुठीचं लाकूड. हे काम सफाईच्या आधी करायचं. घासल्यावर वण, रंगाचे ठिपके, मुठीवरचं तेल जातं, आणि सांगणाऱ्या माणसालाही मग ते अवजार ओळखता येत नाही.

पुढचा प्रश्न होता, ही किती जुनी? याचं उत्तर शेजारच्या गावातल्या लोहाराने दिलं. त्यांचे वडील बलुत्यावर काम करत. वर्षभर गावाचे विळे-कोयत्या शेवटून, म्हणजे धार करून, द्यायच्या आणि सुगीला खळ्यावर भात घ्यायचं. आता ते स्वतः रोखीने काम करतात. हाताच्या भात्याच्या जागी विजेचा पंखा आहे.

त्यांनी एक जड कोयती उजेडात तिरकी धरली आणि बोट ठेवलं. पाठीजवळ अर्धवट गोल खाच होती. "ह्यो ट्रकचा पाटा. बोल्टाचा भोक बगा." मालमोटारीच्या कमानीच्या पट्ट्यांत मधोमध बोल्टाचं भोक असतं. पट्टा तोडताना त्याचा अर्धा भाग पात्यात राहिला, तर कोयती मोटारी आल्यानंतरची, हे नक्की. आज बहुतेक लोहार हेच पट्टे वापरतात. ते चांगलं पोलाद असतं, पाणी चांगलं घेतं. त्यामुळे पाट्याची कोयती म्हणजे हलकी असं नाही. फक्त ती शंभर-दोनशे वर्षांपूर्वीची नाही.

त्याआधीच्या कामाची खूण वेगळी. तेव्हा पोलाद महाग असे. म्हणून अंग मऊ लोखंडाचं करून धारेच्या जागी पोलादाची पट्टी तापवून जोडत. हे डोळ्यांनी दिसत नाही. मला शाळेतली प्रयोगशाळा आठवली. धारेजवळचा दोन बोटं भाग स्वच्छ केला, लिंबाचा रस लावला आणि थोडा वेळ थांबले. पोलाद काळवंडलं, लोखंड फिकं राहिलं. दोघांमधली नागमोडी रेघ स्पष्ट दिसली. आमच्या ढिगातल्या फक्त कुऱ्हाडीत आणि तासणीत ती निघाली. प्रयोग झाल्यावर जागा पाण्याने धुवा, कोरडी करा, तेल लावा. नाहीतर दुसऱ्या दिवशी तिथेच तांबडा गंज येतो.

कारखान्यातल्या मालावर शिक्का असतो. फावडी आणि टिकावांवर टाटा अॅग्रिकोचा शिक्का बऱ्याच घरांत दिसतो. ते नाव १९२५ पासूनचं आहे. शिक्का वाचायचा असेल तर खरवडू नका. कागद ठेवून वरून पेन्सिल तिरकी घासा, अक्षरं उमटतात. गावच्या लोहाराच्या खुणा साध्या असतात. छिन्नीचे दोन घाव, तीन ठिपके. आमच्या लोहाराला त्यांच्या आजोबांची खूण तिथल्या तिथे ओळखता आली. त्यांनी ती कोयती बराच वेळ हातातून खाली ठेवली नाही. मी ती त्यांना देऊ केली, पण त्यांनी घेतली नाही. म्हणाले, "तुमच्या वहीत नाव लिवा म्हंजे झाला."

आता बिघडलेल्या गोष्टी सांगते.

लोहाराच्या आजोबांची खूण असलेली सगळ्यात चांगली कवळीची कोयती गंज काढण्यासाठी एका वर्कशॉपमध्ये दिली होती. फक्त तारेच्या ब्रशने घासा, असं स्पष्ट सांगून. परत मिळाली तेव्हा ती आरशासारखी चकाकत होती. त्यांनी ती ग्राइंडरला लावली होती. लोहाराची खूण पुसली गेली होती आणि धारेवर निळी-जांभळी झाक आली होती. पोलाद सुमारे ३०० अंशांपर्यंत तापलं की हा निळा रंग येतो. म्हणजे धारेचं पाणी उतरलं होतं. कानस लावली तर ती घसरण्याऐवजी धारेत रुतली. पैसे परत मिळाले, पण कोयती गेली ती गेली. मला रडू आलं, हे कोणाला सांगितलं नाही. लोहार म्हणाले, पुन्हा तापवून पाणी देता येईल, पण मग ते काम माझं होईल, आजोबांचं नाही. मी ती तशीच ठेवली आहे. लोकांना दाखवायला उपयोगी पडते.

त्यानंतर सफाई घरीच. पद्धत साधी आहे. मोकळा गंज नारळाच्या काथ्याने आणि रॉकेलने काढायचा. पात्यावर घट्ट बसलेला तपकिरी-काळा थर काढायचा नाही. तो पात्याला राखतो. उरलेल्या तांबड्या गंजावर हिरड्याचा काढा. हिरड्याची साल कुटून उकळायची, गाळायची, गार झाल्यावर फडक्याने लावायची. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं. त्याचा आणि गंजाचा संयोग होऊन काळा थर बसतो. हिरडा आणि लोखंड यांपासून पूर्वी शाई करत, ती याच रसायनावर. वाळल्यावर वरून मशीनचं पातळ तेल. खोबरेल लावू नका. त्यावर धूळ बसते आणि काही महिन्यांनी चिकट थर होतो.

मुठीला जवसाचं कच्चं तेल, अगदी थोडं. पण त्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा, मग टाका. मुठीतून पांढरा भुगा पडत असेल तर ते अवजार वेगळं ठेवा. एका मुठीतली कीड साऱ्या कपाटात जाते. मोडकी मूठ बदलायचा मोह होतो. आमच्याकडच्या मुठी खैराच्या आणि धामणीच्या निघाल्या. देशावर बाभूळ जास्त. बदललीत तर जुनी मूठ त्याच क्रमांकाने जपून ठेवा.

विजेने गंज काढायची पद्धतही मी एका बिनमुठीच्या कुदळीवर करून पाहिली. पाण्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जर, एका टोकाला अवजार, दुसऱ्याला जुन्या लोखंडाचा तुकडा. चांगली चालते. पण त्या दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टीलचं काही लावू नका, त्यातल्या क्रोमियममुळे पाणी विषारी होतं. काम मोकळ्या हवेतच करा. आणि हे सगळं करण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. मला विळ्याचा दात लागला, तेव्हा दवाखान्यात पहिला प्रश्न तोच आला.

दुसरा प्रकार एका जुन्या बाजारातला. एक विक्रेता कोयता दाखवून म्हणाला, "ताई, शिवकालीन आहे. मावळ्यांचा." किंमत ऐकून मी पातं उलटं केलं. गंज सगळीकडे सारखा आणि केशरी. बोटाला लागत होता. जुना गंज गडद असतो आणि असा हाताला लागत नाही. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडं होतं, त्याच्या आत वेल्डिंगचा जाड जोड दिसत होता. पाठीला बोल्टाच्या भोकाची खाच. धार कुठेच झिजलेली नाही. वापरातल्या अवजाराची झीज एकसारखी कधीच नसते. विळा मध्ये झिजतो, खुरपं एका कोपऱ्यात, जमिनीलगत चालणारा कोयता टोकाला. मी कोयता खाली ठेवला. माझ्यामागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी तो घेतला. त्यांना सांगू पाहिलं, तर विक्रेत्याआधी तेच चिडले.

तिसरा प्रसंग रस्त्यावरचा. पुतण्याच्या गाडीच्या डिकीत गोणीत कोयत्या घालून आम्ही पुण्याकडे निघालो होतो. रात्रीच्या नाकाबंदीत डिकी उघडली. हवालदाराने टॉर्च मारला आणि साहेबांना हाक मारली. कोयता गँगच्या बातम्या रोजच्या झाल्या होत्या, त्यांनी थांबवलं ते बरोबरच होतं. पण माझे पाय लटपटले, हे खरं. पुतण्याचा तर आवाजच बंद झाला. मी वही पुढे केली. क्रमांक, फोटो, "कवळ तोडायची", "काकीचा विळा". साहेबांनी पानं चाळली. त्यांचं गाव भोरकडचं निघालं. मग दिरांना फोन लावून दिला, त्यांच्याशी बोलणं झालं, आणि खूप उशिरा आम्हाला सोडलं.

नंतर एका वकील मैत्रिणीकडून कायदा समजून घेतला. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे सुरे शस्त्रांत धरले आहेत. मात्र घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं वगळली आहेत. म्हणजे शेतीची कोयती घरात असणं गुन्हा नाही. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असेल तर हत्यारं घेऊन फिरणं अडचणीचं होतं, आणि असे आदेश शहरांत वरचेवर निघतात. आता मी अवजारं नेताना ग्रामपंचायतीचं पत्र आणि यादी बरोबर ठेवते. प्रत्येक पातं जाड पुठ्ठ्यात बांधते. प्रवास दिवसाचा. एसटीत तर नेतच नाही.

कोकणाबाहेरचा कोयता मला कराडजवळ मिळाला. तिथे माझी बहीण राहते. शेजारच्या फडात बीडकडची टोळी ऊस तोडत होती. त्यांचा कोयता आमच्या कोयतीहून अगदी वेगळा. पातं रुंद पण पातळ, वजनाला हलकं, कारण दिवसभर तेच चालवायचं. ऊस अगदी जमिनीलगत तोडायचा, बुडख्यात साखर जास्त. मग पाचट काढायचं, शेंड्याचं वाढं उडवायचं, मोळी बांधायची. मुकादमाकडून उचल मिळते तीही कोयत्याच्या हिशेबाने. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा.

मी एका बाईंना त्यांचा जुना कोयता विकत मागितला. त्या म्हणाल्या, "ताई, हंगामात कोयता देता येत नसतो. पट्टा पडल्यावर या." ते पटलं. कारखान्याचा पट्टा पडायच्या, म्हणजे गाळप संपायच्या, सुमाराला पुन्हा गेले. रस्त्याकडेला पाल ठोकलेल्या घिसाडी कुटुंबाकडून नवा कोयता करून घेतला होता. तो दिला आणि जुना घेतला. रोज कानस लावून त्याची रुंदी निम्मी राहिली होती. शेजारी नवा ठेवला, तेव्हा वापरात किती लोखंड झिजतं ते दिसलं. वहीत त्या बाईंनी स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं.

कामातलं अवजार विकत घ्यायचं तर बदल्यात कामाचंच अवजार द्या. नुसते पैसे दिले तर ते घरखर्चात जातात आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाकडे हत्यार नसतं.

या काळात दोन संग्रह पाहिले आणि त्यांनी धीर दिला. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरगुती वस्तू एका माणसाने जन्मभर जमवलेल्या आहेत. आणि गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्युगो गोम्स यांनी उभं केलेलं 'गोवा चित्र' आहे. तिथे नांगरापासून माडावर चढणाऱ्या रेंदेराच्या कातीपर्यंत शेतीची आणि कारागिरांची अवजारं मांडली आहेत. तिथून परतल्यावर मी माझ्या वहीत एक रकाना वाढवला: हे काम आता कशाने होतं? ग्रास कटर, साखळी करवत, कापणी यंत्र, किंवा होतच नाही.

माझा संग्रह लहान आहे. तो मी गावच्या शाळेला दिला. काचेचं कपाट, कुलूप, चावी मुख्याध्यापकांकडे. पावसाळ्याआधी तेलाचा हात देण्याचं काम मी आणि सातवीची मुलं करतो. कोकणच्या दमट हवेत ते चुकवून चालत नाही.

तुमच्याही घरात अशी अवजारं असतील. खंडेनवमीला ती बाहेर येतात, धुतली जातात, त्यांना हळद-कुंकू लागतं. घरातली म्हातारी माणसं त्या दिवशी समोर असतात. विकत मागायचा तो दिवस नाही, विचारायचा आहे. वही, पेन आणि फोनचा कॅमेरा घेऊन बसा. हे कोणी केलं, कोणी वापरलं, कशासाठी, एवढंच विचारा आणि लिहून ठेवा. घासणं नंतर झालं तरी चालेल. आमच्या काकांना मी बोलावलं त्याच्या पुढच्याच वर्षी ते गेले, आणि बांबूच्या दोन कोयत्यांबद्दल त्यांच्याशिवाय वाडीत कोणालाच काही माहीत नव्हतं.